पूर्वेला चला

"पाणी कुठून आणतात हे लोक?"

बोटीतून उतरून धक्क्यावर पाय ठेवल्याबरोबर आप्पांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. पायाखाली बर्फ, छपरांवर बर्फ, डोंगरांवर बर्फ, समोर अख्खा समुद्र, आणि आमच्या आप्पांना पाण्याची काळजी! दुपारचे बारा वाजत आले होते. आभाळ आपल्याकडे दिवेलागणीला असतं तसं निळं-जांभळं झालं होतं आणि ते दिवसभर तेवढंच उजळणार होतं.

"नळाला येतं, आप्पा."

"किती वाजता?"

"दिवसभर येतं. रात्रीही येतं."

"हं," आप्पा म्हणाले. भुसावळच्या माणसाचा अशा गोष्टींवर विश्वास बसत नाही. त्यांनी कानटोपी आणखी खाली ओढली आणि जपून पावलं टाकत निघाले.

त्यांची बॅग घेऊन पुढे चाललेला सिवर्ट थांबला. "काय म्हणतायत? तहान लागलीय का त्यांना?"

"नाही," मी म्हटलं. "घर बघतायत."

हे प्रकरण मी सिवर्टला आधी समजावून सांगितलं होतं. मुलगी द्यायची तर तिच्या घरचं कुणीतरी जाऊन मुलाचं घर बघून येतं. नुसतं बसून चहा पिऊन नाही. पाणी कसं आहे, भिंती कशा आहेत, शेजार कसा आहे, सासू बोलायला कशी आहे, सगळं. आणि पसंती होईपर्यंत त्या घरचं गोड तोंडाला लावायचं नाही. गोड खाल्लं म्हणजे होकार दिला. ही रीत आता आमच्याकडेही कुणी एवढी कडक पाळत नाही, पण आप्पांनी ती उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडे पाळायची ठरवली होती.

मी त्या वेळी नॉर्वेत, ट्रोम्सोला शिकत होते. सिवर्ट तिथल्या फेरीबोटीवर इंजिनाचं काम बघायचा. रोज त्याच बोटीनं जाता-येता ओळख झाली, पुढे जे व्हायचं ते झालं आणि आम्ही लग्न करायचं ठरवलं. मी भुसावळला फोन केला. जात, धर्म, मासे, गोरा जावई, या सगळ्यांवर माझी उत्तरं तयार होती. आप्पांनी त्यातलं काहीच विचारलं नाही.

"घर कुठाय त्याचं? अक्षांश किती?"

आप्पा आयुष्यभर हायस्कूलमध्ये भूगोल शिकवत आले. मी अक्षांश सांगितला.

"म्हणजे हिवाळ्यात तिथे सूर्यच उगवत नाही."

"हो. दोनेक महिने."

"तुला सोसतं?"

"सवय होते, आप्पा."

पलीकडे एवढी शांतता झाली की मला वाटलं फोन कटला. मग आप्पा म्हणाले, "मी घर बघायला येतो. उन्हाळ्यात नाही, हिवाळ्यातच येतो. बघितल्याशिवाय माझा होकार नाही."

आई मी कॉलेजात असताना गेली. त्यानंतर घरात आम्ही दोघंच. आप्पा नाही म्हणाले असते तर मी परत गेले असते. हे मी सिवर्टला स्पष्ट सांगितलं होतं, आणि आप्पांनाही ते न सांगता माहीत होतं. म्हणूनच बहुधा ते एरवीपेक्षा कमी बोलत होते.

सिवर्टची आई, ब्योर्ग, दारातच उभी होती. उंच, रुंद खांद्यांची, पांढऱ्या केसांची बाई. नवरा वारल्यापासून ती त्या लाल लाकडी घरात एकटीच राहायची आणि बंदरावरच्या दुकानात काम करून नुकतीच निवृत्त झाली होती. तिनं आप्पांचा हात हातात घेतला तो सोडेचना. मग आत नेऊन जाम लावलेले गरम वॉफल त्यांच्यापुढे ठेवले.

आप्पांनी वॉफलकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. "चहा चालेल," ते म्हणाले. "बिनसाखरेचा."

"मधुमेह?" ब्योर्गनं काळजीनं मला विचारलं.

मी काय सांगणार? हो म्हटलं तरी पंचाईत, नाही म्हटलं तरी पंचाईत. मी खरं तेच सांगितलं. ब्योर्गनं ते शांतपणे ऐकून घेतलं, वॉफलची ताटली उचलली आणि म्हणाली, "म्हणजे हे खातील त्या दिवशी आपल्याला कळेल."

"हो."

"बरं आहे. निदान कळेल तरी."

आप्पांनी घर बघितलं ते असं की पोलिसांनीही बघितलं नसतं. बोटानं भिंती वाजवल्या. "लाकूड? नुसतं लाकूड?" तळघरात उतरले. बटाट्याची पोती पाहून जरा समाधान झाल्यासारखं दिसलं. मग बैठकीच्या खोलीत येऊन त्यांनी दिशांचा अंदाज घेतला आणि एका भिंतीवर तळवा टेकवला. तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा.

"ही पश्चिमेची. हिला ऊन लागतं का, विचार."

मी विचारलं. ब्योर्गचा चेहरा फुलला. तिनं उत्साहानं सांगितलं की उन्हाळ्यात इथे भरपूर ऊन लागतं, सूर्य मावळतच नाही, रात्रभर ऊन असतं.

"रात्रभर?" आप्पांचा चेहरा पडला. "रात्रीसुद्धा सुटका नाही?"

मी हे भाषांतरित केलं नाही.

आप्पांची बोलण्याची पद्धत वर्गातली. पेपरात त्यांचा आवडता प्रश्न असायचा, फरक स्पष्ट करा. पठार आणि मैदान, खारे वारे आणि मतलई वारे. आता त्यांना चालता-बोलता फरक स्पष्ट होत होते. जेवताना मध्येच घास थांबवून म्हणायचे, "आपल्याकडे नदी आटते, इथे धबधबा गोठतो. दोन्हीकडे पाणी समोर दिसतं आणि चालत मात्र नाही." रस्त्यानं जाताना म्हणायचे, "आपण सावली बघून चालतो. इथे सावलीच नाही, भो! मी मघापासून माझी सावली शोधतोय."

स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर जुनं तापमापक लावलेलं होतं. ब्योर्ग रोज सकाळी ते बघायची. तिसऱ्या दिवशी तिनं आप्पांना जवळ बोलावलं, पाऱ्यावर बोट ठेवलं आणि खुणेनं विचारलं, तुमच्याकडे किती? आप्पांनी बोट पाऱ्यावरून वर नेलं. शून्याच्या वर, वीसच्या वर, तीसच्या वर. तिथे नळी संपली. बोट थांबलं नाही. वरच्या चौकटीच्या लाकडावर जाऊन टेकलं.

"मे," आप्पा म्हणाले. "हिअर."

ब्योर्गनं त्या लाकडाकडे पाहिलं, मग आप्पांकडे पाहिलं. "आणि तिथे माणसं राहतात?" तिनं मला हळूच विचारलं.

"राहतात म्हणजे? जन्माला येतात," मी म्हटलं. "मी आलेय."

"सवय होत असेल," ब्योर्ग म्हणाली.

मी ते भाषांतरित केलं आणि आप्पांचं हसू मावळलं. ते खिडकीपासून दूर झाले आणि खुर्चीत जाऊन बसले. फोनवरही असंच झालं होतं, हे मला तेव्हा आठवलं. पण का, ते कळलं नाही.

मात्र त्यांना खुशीत पाहिलं ते समुद्रावर. धक्क्याच्या पायऱ्यांवरून सिवर्टचा हात धरून ते खाली उतरले, हातमोजा काढला आणि पाण्यात बोटं बुडवली. मग वर बघून ओरडले, "शरू! गोठलं नाही बरं का! उष्ण प्रवाहामुळे इथली बंदरं गोठत नाहीत. सगळी नोकरी मी हे पोरांना सांगितलं आणि एकदाही खात्री केली नव्हती."

"पाणी गरम आहे का, आप्पा?"

"गरम कसलं! बोटं तुटायची वेळ आलीय," असं म्हणत ते हसतच होते. सिवर्टनं त्यांचा हात आपल्या कोटात घालून चोळून ऊब आणली. आप्पांनी तो काढून घेतला नाही. मी वरून बघत होते आणि मनात म्हणत होते, आता हो म्हणतील, आता म्हणतील.

म्हणाले नाहीत. दिवस जात होते. ब्योर्ग रोज काहीतरी भाजायची, दालचिनीचा वास घरभर सुटायचा आणि आप्पा बिनसाखरेचा चहा प्यायचे. मधेच मला एकटीला गाठून विचारायचे, "खरं सांग. तुला सोसतं का इथलं?" मी म्हणायचे, "सोसतं हो, आप्पा. किती वेळा विचाराल?" ते मान हलवायचे. माझ्या उत्तरात त्यांना हवं ते मिळत नव्हतं.

ते निघायच्या आदल्या दिवशी सूर्य परत येणार होता.

त्या गावात हा सण असतो. समोरच्या खाडीपलीकडे दोन शिखरं आहेत. दोन महिने त्यांच्यामागे लपलेला सूर्य जानेवारीच्या शेवटी एका दुपारी मधल्या खिंडीतून वर येतो, काही मिनिटं दिसतो आणि पश्चिमेकडच्या शिखरामागे जातो. त्या दिवशी शाळेला सुट्टी. घरोघर आत जाम भरलेले, वर साखर भुरभुरलेले गोल पाव करतात. आणि प्रत्येक जण आपापल्या खिडकीत बसून राहतो, कारण आपल्या घरात आलेलं ऊन तेच आपलं, असं तिथे मानतात. मागच्या वर्षी नेमकं आभाळ आलं होतं, आणि ब्योर्गला तिच्या वाटणीचं ऊन मिळालं नव्हतं. त्यामुळे ती सकाळपासून दहा वेळा दारात जाऊन आभाळ बघून आली. आभाळ लख्ख होतं.

तिनं खिडकीच्या काचा पुसल्या. आपली खुर्ची खिडकीसमोर आणली, शेजारी आप्पांसाठी दुसरी ठेवली. पाव पत्र्याच्या डब्यात भरून टेबलावर ठेवले. मला विचारून तिनं ते बिनअंड्याचे केले होते. कुणासाठी ते उघड होतं, पण तिनं आप्पांकडे बघितलंसुद्धा नाही.

"आप्पा," मी त्यांना स्वयंपाकघरात नेऊन म्हटलं, "उद्या तुम्ही निघणार. मला काहीतरी सांगा. घर आवडलं नाही का?"

"घर चांगलंय."

"सिवर्ट?"

"पोरगा लाखात एक आहे. आईही मायाळू आहे."

"मग?"

"मी अजून बघतोय, शरू," आप्पा म्हणाले आणि बैठकीच्या खोलीत जाऊन त्या खुर्चीत बसले.

खिंडीच्या कडेला आधी तांबूस रेघ उमटली. ब्योर्गनं सिवर्टचा हात धरला. मग एकदम, दिवा लावावा तसा, खिंडीतून सूर्य वर आला. बर्फावरून उजेड धावत आला, खिडकीतून आत शिरला आणि ब्योर्गच्या चेहऱ्यावर पडला. तिनं डोळे मिटून घेतले.

आणि आप्पा उठले. झटकन दोन पावलं टाकून खिडकीशी गेले आणि त्यांनी जाड पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून घेतला.

खोलीत अंधार झाला.

काय झालं ते कुणालाच कळेना. सिवर्ट उभा राहिला. ब्योर्गनं डोळे उघडले आणि समोरच्या पडद्याकडे बघत राहिली. आप्पा पडदा धरून उभे होते. आपल्या हातांनी काय केलं ते त्यांना त्या क्षणी समजलं. "अरे देवा," ते म्हणाले आणि त्यांनी पडदा उलटा ओढला. घाईत कड्या दांडीवर अडकल्या. त्यांनी हिसका दिला, सिवर्ट मदतीला धावला, पडदा अर्धवट तुटून खाली आला. तोवर खिडकीत उन्हाची चतकोर उरली होती. ती चौकटीवरून सरकली आणि गेली. सूर्य शिखरामागे गेला होता.

"सॉरी," आप्पा म्हणाले. "सॉरी, मॅडम. सॉरी." त्यांचा आवाज मी कधी असा ऐकला नव्हता. वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज पार बसला होता.

ब्योर्ग रागावली नाही. तिनं फक्त विचारलं, "का?"

आप्पा खुर्चीत बसले. माझ्याकडे बघून म्हणाले, "सांग त्यांना. त्यांच्या तोंडावर ऊन आलं, त्यांनी डोळे मिटले, आणि मला वाटलं..." ते थांबले. "माझी बायको अशी डोळे मिटायची, असं सांग."

मी सांगितलं.

"ती आंबोलीची. तिथे वर्षातला निम्मा काळ धुकं असतं, पाऊस असतो. झाडांवर शेवाळ, भिंतींवर शेवाळ. आम्ही पुण्याला बी.एड.ला एकत्र होतो. लग्नाला तिच्या घरच्यांचा विरोध. त्यामुळे तिच्या घरून कुणी माझं घर बघायला आलं नाही."

मी एकेक वाक्य भाषांतरित करत होते. आईबाबतचं हे मला थोडंफार माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं.

"कुणी आलं असतं तर पश्चिमेची खोली बघितली असती. म्हणाले असते, आमची पोर इथे कशी राहील? मला ते दिसलं नाही. मी तिथलाच. पहिल्या मे महिन्यात तिचा घोळणा फुटला. साडीचा पदर रक्तानं भरला. ती म्हणाली, मला हे ऊन सोसत नाही हो, कुठेतरी गार जागी बदली मागा. आणि मी हसलो." आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मी म्हटलं, सवय होईल. ती पुन्हा कधी बोलली नाही. एकदाही नाही. दरवर्षी घोळणा फुटायचा, ती माठाचं पाणी डोक्यावर थापटायची आणि शाळेत जायची. मग माझ्या लक्षात आलं, पण तोवर घर झालं होतं, पोरगी झाली होती, नोकऱ्या कायम झाल्या होत्या. माझ्या हातात एकच उरलं. दुपारी ऊन खिडकीत आलं की तिच्या तोंडावर येण्याआधी उठून पडदा ओढायचा. तेवढं मी ती असेपर्यंत केलं. ती उन्हानं नाही गेली. हृदयाचं दुखणं होतं, थंडीत गेली. पण सोसत मात्र आली."

मी हे सगळं नॉर्वेजियनमध्ये सांगत होते, आईबद्दल 'ती, ती' म्हणत. शेवटच्या वाक्याला मला शब्दच मिळेना. सोसणं याला त्या भाषेत नेमकं काय म्हणावं? ब्योर्ग म्हणाली, "राहू दे. कळलं."

मग मी आप्पांपुढे खाली बसले. "आप्पा, तुम्ही मला सारखं विचारता ना, इथला अंधार सोसतो का म्हणून? मला अंधाराची भीतीच वाटत नाही. आपलं घर उन्हाळाभर अंधारात असायचं. तुम्ही पडदे ओढायचा, वाळ्यावर पाणी मारायचा, आणि मी आईच्या शेजारी गार फरशीवर झोपायचे. माझ्या लेखी अंधार म्हणजे आई जवळ आहे. इथे पहिल्या हिवाळ्यात सगळे मला विचारत होते, तुझं कसं होणार? आणि मला तर घरी आल्यासारखं वाटत होतं. मी सवय होते म्हणाले ते चुकीचं म्हणाले. मला इथलं आवडतं."

आप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. खूप वेळ ठेवला.

मग त्यांची नजर माझ्या डोक्यावरून खिडकीबाहेर गेली आणि तिथेच थांबली. डावीकडे, किनाऱ्यालगत दूरवर, होड्या ठेवायच्या शेडचं छप्पर सोन्यासारखं झळकत होतं.

"थांबा," आप्पा म्हणाले आणि ताडकन उठले. आवाज परत आला होता, शेवटच्या बाकापर्यंतचा. "सूर्य पश्चिमेला सरकतोय. म्हणजे डोंगराची सावली कुठे सरकणार? पूर्वेला! आपण सावलीत आहोत. सावलीच्या पुढे गेलं की सूर्य परत दिसेल. शरू, सांग यांना. बूट घाला. पूर्वेला चला! पूर्वेला चला!"

मी सांगायच्या आतच ब्योर्ग उठली होती. तिनं कोट घातला आणि कसा कोण जाणे, पावांचा डबा काखोटीला मारला. आप्पांनी सिवर्टचे बूट घातले, ते त्यांना दोन बोटं मोठे होत होते. आणि आम्ही निघालो. पुढे आप्पा, फताक फताक करत, त्यांच्या दंडाला धरून ब्योर्ग, मागे आम्ही दोघं. वाटेत घराघरांच्या खिडक्यांतून माणसं बघत होती. त्यांचा सण संपला होता. ब्योर्ग त्यांना हात करून ओरडून सांगत होती, "पूर्वेला! पूर्वेला!" अर्थात तिच्या भाषेत. काही जण खरंच बाहेर आले.

शेडच्या अलीकडे सावलीची कड होती. बर्फावर आखल्यासारखी. आप्पा तिच्यापाशी थांबले, ब्योर्गला त्यांनी हाताला धरून कडेच्या पलीकडे नेलं आणि शेडच्या भिंतीशी उभं केलं. "हिअर," ते म्हणाले.

शिखराच्या डाव्या बाजूनं सूर्य पुन्हा निघाला होता. ब्योर्गनं डोळे मिटले. ऊन तिच्या केसांवर, गालांवर, हातातल्या डब्यावर पडलं होतं. आप्पा तिच्या शेजारी हात मागे बांधून उभे राहिले, परीक्षेत सुपरव्हिजनला उभे राहायचे तसे. त्यांच्यामागे बर्फावर त्यांची सावली पडली होती, लांबलचक. मी ती त्यांना दाखवली. ते तिच्याकडे बघून हसले.

मग सिवर्टकडे वळले.

"एक अट आहे," ते इंग्रजीत म्हणाले. इंग्रजी त्यांचं जेमतेम, पण हे वाक्य त्यांनी मनात बरेच दिवस घोळवलेलं असावं. "ही कधी म्हणाली की मला इथलं सोसत नाही, तर हसायचं नाही. सवय होईल म्हणायचं नाही. पहिल्यांदा म्हणेल तेव्हाच ऐकायचं. दुसऱ्यांदा ती म्हणणार नाही."

"ऐकेन," सिवर्ट म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "आप्पा, मला मे महिन्यात भुसावळला यायचंय. मीही घर बघायला येणार."

"मे महिन्यात?" आप्पांनी डोळे मोठे केले. "मरशील ना, बाप्पा!"

"सोसणं म्हणजे काय ते मला कळायला हवं ना."

आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते थंडीनं आलं असं त्यांनी नंतर सांगितलं. मग ते ब्योर्गपुढे गेले आणि डब्याकडे बोट दाखवलं.

ब्योर्गच्या हातून झाकण निघता निघेना. आप्पांनीच ते काढलं, एक पाव उचलला, मोडला. अर्धा तिच्या तोंडापुढे धरला. ती गोंधळली, हसली आणि लहान मुलीसारखा तिनं आ केला. तिच्या तोंडात घास भरवून मग आप्पांनी उरलेला अर्धा पाव सबंध आपल्या तोंडात घातला. मिशीवर साखर पडली, हनुवटीला जाम लागला. मी सिवर्टच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होते, आणि तोंड भरलेले आप्पा मला हातानं खुणावत होते, अगं रडतेस काय, तूही घे.

सिवर्ट मे महिन्यात खरंच भुसावळला आला. दुसऱ्याच दुपारी त्याचा घोळणा फुटला, आणि आप्पा त्याचं डोकं मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत त्यावर माठातलं पाणी थापटत बसले.

आता आप्पा नाहीत. ब्योर्ग पुष्कळ थकलीय. पण सूर्य यायच्या दिवशी आम्ही सगळे तिच्याकडे जमतो, माझी दोन्ही मुलंही येतात, आणि ती खिडकीसमोर बसते. शेजारची खुर्ची रिकामी असते. ऊन आत येतं, तिच्या चेहऱ्यावर पडतं. ती डोळे मिटते, हात लांबवून पडदा अर्ध्यापर्यंत ओढते, क्षणभर तशीच बसते आणि पुन्हा उघडते.

मग डबा काखोटीला मारून उठते आणि चक्क मराठीत म्हणते, "पूर्वेला चला."